नवी पिकअप झटका का देते?

सिग्नल लाल झाला. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढून ब्रेकवर हलकेच ठेवला, गाडीचा वेग उतरायला लागला. काटा ताशी १२ किलोमीटरच्या आसपास आला आणि मागून कुणीतरी बंपरला गुडघा टेकवावा तसा एक धक्का बसला. मग गाडी थांबली. थांबल्यावर अर्ध्या सेकंदानं खालून कुठूनतरी 'टुक' असा आवाज आला. मीटरवर तेव्हा ४,१०० किलोमीटर होते. सीटचं प्लास्टिक काढून फार दिवस झाले नव्हते.

सर्व्हिस सेंटरला दाखवली. तिथल्या माणसानं एक चक्कर मारली आणि म्हणाला, "साहेब, ऑटोमॅटिक पिकअपचं असंच असतं." हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं. पंचाईत अशी की पुष्कळदा ते खरं असतं. काही झटके गाडी बनवतानाच गृहीत धरलेले असतात, काही सॉफ्टवेअरमुळे येतात, काहींचा गिअरबॉक्सशी संबंधच नसतो आणि थोडे खरोखर बिघाडाचे असतात. आपल्या पाठीला मात्र सगळे सारखेच लागतात. ते एकमेकांपासून वेगळे कसे काढायचे, तेवढंच इथे सांगतो. (पिकअप म्हणजे इथे मागे हौदा असलेली गाडी. 'गाडीला पिकअप नाही' मधला पिकअप वेगळा, पण गिअरबॉक्स बिघडला की तोही जातो.)

आत काय चालतं

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर बसवलेला असतो. तेलानं भरलेला बंद डबा आणि त्यात समोरासमोर दोन पंखे, अशी कल्पना करा. एक पंखा इंजिन फिरवतं, तो तेल फेकतो, त्या तेलाच्या रेट्यानं दुसरा फिरतो. म्हणूनच 'डी'मध्ये असूनही ब्रेक दाबून गाडी उभी राहू शकते, इंजिन बंद पडत नाही. पण तेलाच्या भरवशावर फिरायचं म्हणजे थोडी घसरण आलीच आणि घसरण म्हणजे वाया गेलेलं इंधन. त्यावर उपाय म्हणून डब्याच्या आत एक लॉक-अप क्लचही असतो. वेग जमला की तो दोन्ही बाजूंना घट्ट बांधतो. याची ओळख ठेवा, पुढे याच्याकडे परत यायचं आहे.

त्याच्या मागे प्लॅनेटरी गिअरचे संच असतात. मधोमध सूर्य, त्याभोवती फिरणारे ग्रह आणि सगळ्यांच्या बाहेर, आतल्या बाजूला दाते असलेलं कडं. यातलं काय धरून ठेवलं आणि काय फिरू दिलं यावर गिअर ठरतो. दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात; मॅन्युअल गाडीसारखं इथे काही सरकवून अडकवायचं नसतं. धरण्या-सोडण्याचं काम क्लच करतात. तेलाच्या दाबानं पिस्टन पुढे सरकतो, चकत्यांची चवड दाबली जाते आणि तो भाग धरला जातो. दाब सोडला की चवड मोकळी.

झेडएफ कंपनीच्या २००९ मध्ये आलेल्या ८ गिअरच्या रचनेत ४ प्लॅनेटरी संच आणि ५ क्लच-ब्रेक आहेत (इथला ब्रेक म्हणजे फिरणारा भाग जागीच धरून ठेवणारा क्लच). कुठलाही गिअर घ्या, त्यातले ३ धरलेले असतात आणि २ सोडलेले. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मिळून बनवलेल्या १० गिअरच्या रचनेत असे ६ आहेत, त्यातले ४ धरलेले. एका गिअरमधून शेजारच्या गिअरमध्ये जायचं म्हणजे एक क्लच सोडायचा आणि त्याच वेळी दुसरा धरायचा.

भरलेली घागर एका हातातून दुसऱ्या हातात देताना जे होतं तेच इथे होतं. पहिल्यानं लवकर सोडली तर घागर क्षणभर कुणाच्याच हातात नसते. गाडीत असं झालं की दोन गिअरच्या मध्ये आरपीएमचा काटा विनाकारण वर उडतो, गाडी मात्र पुढे ओढत नाही. उलट पहिला सोडतच नाही आणि दुसऱ्यानं ओढायला सुरुवात केली, तर हिसका बसतो, पाणी सांडतं. गाडीत तो धक्का होऊन येतो. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या काही दशांशांत उरकायचा असतो. तो सुद्धा चढावर, उतारावर, रिकाम्या हौद्यानं, भरल्या हौद्यानं, गार तेलात आणि तापलेल्या तेलातही.

हा व्यवहार सांभाळतो गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर. सोलेनॉइड नावाच्या विजेवर चालणाऱ्या झडपांमधून तो प्रत्येक क्लचला किती तेल, किती दाबानं आणि कधी जाईल हे ठरवतो. गिअर बदलताना इंजिनला क्षणभर जोर कमी करायलाही सांगतो. त्यामुळे इंजिन किती जोर लावतंय याचा त्याच्याकडचा आकडा चुकीचा असेल, तर त्यावर बेतलेला दाबही चुकतो. ताकद वाढवायला बाहेरून चिप किंवा ट्यूनिंग बॉक्स बसवलेल्या गाड्या पुष्कळदा इथेच फसतात. इंजिन बोलतं एक आणि करतं दुसरं, गिअरबॉक्स बिचारा ऐकलेल्यावर विश्वास ठेवतो.

नवा गिअरबॉक्स शिकत असतो

नव्या गाडीचं कोडं मुख्यतः इथे सुटतं. पिस्टन पुढे सरकून चकत्यांना टेकेपर्यंत मध्ये थोडी मोकळी जागा असते. ती भरायला किती तेल लागेल हे प्रत्येक गिअरबॉक्सचं किंचित वेगळं असतं, कारण चकत्यांची जाडी, स्प्रिंगचा ताण, झडपांची घट्टी यांत कारखान्यातच सुताइतका फरक राहतो. कॉम्प्युटरला सुरुवातीला एक सरासरी आकडा दिलेला असतो, किंवा कारखान्यात जुजबी शिकवलेलं असतं. पुढचं तो रस्त्यावर शिकतो. गिअर बदलताना आतला शाफ्ट नेमक्या कुठल्या क्षणी मंदावला हे सेन्सरवरून बघतो आणि 'पुढच्या वेळी या क्लचला थोडं आधी तेल' अशी दुरुस्ती करून ठेवतो. याला अडॅप्टेशन म्हणतात.

पण शिकण्याच्या त्याच्या अटी असतात. तेल ठरावीक तापमानाला पोचलेलं हवं, ॲक्सिलरेटर स्थिर हवा, गिअर पूर्ण पडू द्यायला हवा. रोज दोन-तीन किलोमीटर गाडी काढून पुन्हा बंद करणाऱ्याचा गिअरबॉक्स दोन महिन्यांतही अर्धवटच शिकलेला राहतो. एकच गाडी दोघं अगदी वेगळ्या पद्धतीनं चालवत असतील, तरी त्याचा गोंधळ उडतो. म्हणून पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडा खडबडीतपणा असला आणि तो दिवसेंदिवस कमी होत असला, तर वाट बघावी. कमी होत नसला, किंवा वाढत असला, तर वाट बघण्यात अर्थ नाही. माझ्या मते 'कमी होतोय की वाढतोय' एवढा एकच प्रश्न नव्या गाडीच्या मालकानं रोज स्वतःला विचारला, तरी पुष्कळ मनस्ताप वाचतो.

झटका बसतो, पण कधी?

'गिअरबॉक्स झटके देतो' हे मेकॅनिकला सांगणं म्हणजे डॉक्टरला 'बरं वाटत नाही' सांगण्यासारखं झालं. त्याला हवं असतं कधी, कितव्या गिअरला, किती वेगाला, गार असताना की गरम. या 'कधी'मध्येच निम्मं निदान झालेलं असतं.

गाडी नुकतीच सुरू केली आहे आणि पहिल्या पाच-दहा मिनिटांतच गिअर उशिरा किंवा जोरात पडतात, मग सगळं सुरळीत? तेल गार आणि जाड आहे, एवढंच. तेल आणि इंजिनचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावेत म्हणून कित्येक गाड्या मुद्दाम वरचा गिअर उशिरा टाकतात. गार इंजिनचं आयडलिंगही चढलेलं असतं, त्यामुळे पार्कमधून रिव्हर्स टाकताना थोडा ठोका बसतो. काटा खाली येऊ द्या, मग टाका. याची तक्रार घेऊन जाऊ नका.

पार्कमधून 'डी' किंवा 'आर' टाकल्यावर आधी काहीच होत नाही, दोन-तीन सेकंदांनी एकदम धाडकन गिअर लागतो? ही मात्र गंभीर गोष्ट. क्लचपर्यंत तेल पोचायला वेळ लागतोय. तेलाची पातळी कमी असेल, आत कुठे दाब गळत असेल किंवा झडप अडकत असेल. कारण शोधेपर्यंत हौदा भरून चढ चढायचा मोह टाळा.

वरचा गिअर पडताना काटा उडतो आणि मग गाडी झटक्यानं पकडते, ही घागर हातातून सुटण्याची गोष्ट. ठरावीक एकाच बदलात होत असेल, म्हणजे फक्त ३ वरून ४ ला, तर त्या बदलात धरणारा क्लच किंवा त्याचा सोलेनॉइड संशयित. सगळ्याच बदलांत होत असेल तर संशय सामाईक गोष्टींवर जातो: तेल, मुख्य दाब, इंजिनकडून येणारा जोराचा आकडा. साधं तर्कशास्त्र आहे, पण ही एवढी नोंद कुणी करून आणली तर अनुभवी मेकॅनिकचा चेहरा खुलतो.

रहदारीत ताशी १० ते २५ किलोमीटरच्या मध्ये पाय कधी दाबत, कधी सोडत जाताना बसणारे झटके हे बहुगिअरी गाड्यांचं जुनं दुखणं. त्या १० गिअरच्या रचनेत पहिल्या गिअरचं गुणोत्तर (चाकांकडचा शाफ्ट एकदा फिरायला इंजिनकडचा किती वेळा फिरतो तो आकडा) ४.७ च्या जवळ आहे, दहाव्याचं ०.६४ च्या. खालचे गिअर पटापट बदलावे लागतात. कॉम्प्युटर वर जायचं ठरवतो, तेवढ्यात तुम्ही पाय काढता, तो निर्णय फिरवतो, तेवढ्यात तुम्ही पुन्हा दाबता. दाराशी दोघं समोरासमोर येऊन दोघंही एकाच बाजूला सरकतात, तसं होतं. पाय स्थिर ठेवून बघा. फरक पडला, तर बिघाडाची शक्यता कमी.

आता तो लॉक-अप क्लच. सपाट रस्ता, ताशी ६० ते ९० चा वेग, पाय हलका आणि स्थिर. अशा वेळी गाडी दोन-चार सेकंद थरथरते, जणू चाकं रस्त्याकडेच्या खरखरीत पट्ट्यावर गेली. गिअर बदललेला नसतो. लोक आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घेतात, मग टायर बदलतात, थरथर तशीच. लॉक-अप क्लच पकडताना क्षणोक्षणी घसरतो आणि पकडतो, घसरतो आणि पकडतो, त्यातून ही थरथर येते. ओळखायची युक्ती जुनी आहे: मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, थरथर चालू असतानाच उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवायचा आणि डाव्या पायानं ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करायचा. ब्रेक दाबायचा नाही, मागचा दिवा लागण्यापुरताच पाय टेकवायचा. बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेकचा स्विच लागताच कॉम्प्युटर लॉक-अप सोडतो. त्याच क्षणी थरथर थांबली आणि काटा शंभर-दोनशे आरपीएमनं वर गेला, तर गुन्हेगार सापडला. थरथर चालूच राहिली, तर इंजिन मिसिंग मारतंय का, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही का, ते बघा. लॉक-अपमुळे होणारी थरथर आणि मिसिंग यांत अनुभवी माणसंही फसतात.

ही थरथर नव्या गाड्यांत येत नाही असं कुणी म्हटलं तर जनरल मोटर्सच्या ८ गिअरच्या खोक्याचं, म्हणजे गिअरबॉक्सचं, उदाहरण सांगा. त्याच्या तेलात हवेतला ओलावा शिरत होता आणि त्यामुळे क्लचची पकड बिघडत होती. २०१९ मध्ये कंपनीनं डीलरांना कळवलं ते असं: जुनं तेल पूर्ण फ्लश करा आणि वेगळ्या बनावटीचं तेल भरा. कित्येक गाड्या खोका न उघडता नुसत्या तेलानं बऱ्या झाल्या. नव्या गाडीत तेलावर संशय घ्यायला माणूस सहसा तयार नसतो.

राहिला शेवटचा प्रकार, माझाच: गाडी थांबत येताना, ३ वरून २ किंवा २ वरून १ पडताना बसणारा धक्का. वेग कमी, इंजिनला जोर नाही, सगळं शांत, त्यामुळे क्लचच्या वेळेत जरा चूक झाली तरी ती लगेच अंगाला कळते. ही शिकायला सगळ्यात अवघड जागा आणि म्हणूनच अर्धवट शिकलेला गिअरबॉक्स बहुधा इथेच उघडा पडतो.

आणि हो, हौद्यात माल असताना किंवा मागे ट्रेलर असताना गिअर खणखणीत पडत असतील तर ते तसेच पडायला हवेत. ओढकामाच्या मोडमध्ये कॉम्प्युटर मुद्दाम दाब वाढवतो, कारण चकत्या हळूहळू घसरत पकडल्या तर तापतात. मोडचं बटण चुकून दाबलेलं राहिलं आणि मालक आठवडाभर हैराण, असं घडलेलं मी पाहिलं आहे. मालक इंजिनिअर होता, एवढं सांगून थांबतो.

गिअरबॉक्सच्या बाहेरचे संशयित

पिकअप ही कारपेक्षा लांब गाडी. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा शाफ्ट लांबलचक, अनेकदा दोन तुकड्यांचा, मध्ये सेंटर बेअरिंग. टोकांना क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारे सांधे. मागचा ॲक्सल बहुतेकदा पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर). ब्रेक लागला की ॲक्सल पाट्यांना किंचित पिळतो, गाडी थांबली की पीळ सुटतो. त्या हालचालीत शाफ्टचा एक भाग खाचांमध्ये मागेपुढे सरकतो. खाचा कोरड्या असल्या तर तो सरकत नाही, अडून बसतो आणि मग एकदम सुटतो. टुक.

हे ओळखायची चाचणी फुकटची आहे. मोकळ्या सपाट मैदानात ताशी २० च्या वेगाला न्यूट्रल टाका आणि नेहमीसारखा ब्रेक लावून थांबा. न्यूट्रलमध्ये खालचे गिअर पडण्याचा प्रश्नच नाही. आवाज तरीही आला, तर तो शाफ्टचा किंवा पाट्यांचा. आला नाही, तर गिअरबॉक्सकडे वळा. मी हे केलं तेव्हा गंमत झाली: धक्का गायब, टुक मात्र जागच्या जागी. इतके दिवस मी ज्याला एक बिघाड समजत होतो, ते दोन होते. एक थांबण्याच्या आधीचा, एक नंतरचा.

गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना आडवे ठोकळे लावून, इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये शाफ्ट हातानं उलटसुलट पिळून बघता येतो. थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असणारच; डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या) दातांत तेवढी जागा ठेवावीच लागते. क्रॉसमध्ये मात्र नव्या गाडीत हाताला प्ले जाणवता कामा नये. गिअरबॉक्सचं आणि इंजिनचं माउंटिंग, त्यांचे बोल्ट हेही त्याच वेळी बघून घ्यावेत. माउंटिंगचं रबर फाटलं असेल तर गुळगुळीत पडलेला गिअरही धाडकन वाटतो.

फोर-व्हील ड्राइव्हचं बटण कोरड्या डांबरावर चालू राहिलं असेल तर वळताना गाडी अडखळते, कारण पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं आणि त्यांना तशी मोकळीक नसते. मोठे टायर बसवून कॉम्प्युटरला त्याचा आकार सांगितला नसेल, तर वेगाचा हिशोबच चुकतो. बॅटरी कमजोर असली तरी सोलेनॉइड नीट वागत नाहीत. यातलं एकही काम गिअरबॉक्स उतरवून होत नाही आणि म्हणूनच हे आधी बघायचं.

तेल आणि स्कॅनर

तेलाची पातळी बघणं पूर्वी सोपं होतं, काडी ओढायची आणि बघायची. आता बऱ्याच गिअरबॉक्सना काडीच नाही. गाडी लिफ्टवर सपाट धरून, इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आणून बाजूचा बोल्ट उघडावा लागतो आणि तेल बारीक धारेनं ओघळतं का ते बघावं लागतं. झेडएफच्या ८ गिअरसाठी हे तापमान ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या मधलं. तेल तापलं की फुगतं, त्यामुळे गरम तेलाला मोजलं की पातळी खोटी भरते. कमी तेल वाईट हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त तेलही तितकंच वाईट, कारण फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात आणि फेसाला दाब धरता येत नाही. तेलाच्या जातीही पुष्कळ आहेत. घरी अंदाजानं अर्धा लिटर ओतणं म्हणजे वॉरंटीवर स्वतःच्या हातानं पाणी सोडणं.

स्कॅनर लावला आणि एरर कोड नाही, म्हणून गाडी परत दिली, हे सर्रास होतं. कोड तेव्हाच येतो जेव्हा चूक ठरावीक मर्यादेपलीकडे जाते. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी०७४१ म्हणजे लॉक-अप हवा तसा पकडत नाही, पी०३०० म्हणजे इंजिन मिसिंग. यातलं काहीही न येता गाडी महिनोन्‌महिने धक्के देऊ शकते. म्हणून कोडपेक्षा चालत्या गाडीतले आकडे महत्त्वाचे: तेलाचं तापमान, सांगितलेला गिअर आणि प्रत्यक्षातला गिअर, टॉर्क कन्व्हर्टरची घसरण आणि जमत असेल तर प्रत्येक क्लचच्या शिकवणीचे आकडे.

माझ्या गाडीत दुसऱ्या सर्व्हिस सेंटरच्या मुलीनं, वय पंचविशीचं असेल, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि म्हणाली, "तुम्ही नेहमी चालवता तसंच चालवा, मला दाखवायला म्हणून जपून नको." तीन सिग्नल झाले. प्रत्येक धक्क्याला तिनं एक बटण दाबून खूण केली. मग स्क्रीन माझ्याकडे फिरवला. वरचे गिअर टाकताना लागणाऱ्या क्लचचे आकडे शिकून हललेले होते. खाली येतानाच्या एका क्लचचा आकडा मात्र गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होता तिथेच. "हा शिकलाच नाही," ती म्हणाली. "तुमचा रोजचा रस्ता किती?" अडीच किलोमीटर, मी म्हणालो. तिनं मान हलवली.

इथे एक सावधगिरी. शिकवण पुसून टाकणं हा झटपट उपाय म्हणून कुठेही केला जातो. पुसण्याआधी जुने आकडे जतन करायला सांगा. एखादा आकडा शिकत शिकत त्याच्या मर्यादेला जाऊन टेकलेला असेल, तर तो ओरडून सांगत असतो की आत काहीतरी गळतंय आणि कॉम्प्युटर जास्त तेल देऊन ते झाकतोय. पुसलं की हा पुरावा गेला. आठवडाभर गाडी छान चालते, मग पुन्हा तेच. फोर्डच्या १० गिअरच्या खोक्यात एका क्लच ड्रमचं (चकत्या ज्यात बसतात त्या डब्याचं) बुशिंग, म्हणजे आतलं कडं, जागेवरून सरकायचं आणि तेलाची वाट उघडी पडून दाब गळायचा. असा बिघाड सॉफ्टवेअर काही काळ सांभाळून घेतं, पण त्याला खोका उतरवून ड्रमच बदलावा लागतो. नवीन गाडीत चकत्या झिजण्याचा प्रश्न सहसा नसतो. असला तर असा बनावटीतला दोष असतो, झडपेत अडकलेला धातूचा कण असतो किंवा मुळातच सदोष आलेला सोलेनॉइड.

सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलंय का, हेही विचारा. गिअर बदलण्याचे नियम त्यातच लिहिलेले असतात आणि गाडी बाजारात आल्यावर वर्ष-दोन वर्षं कंपन्या ते सुधारत राहतात.

तक्रार नेताना

सोबत कुणाला तरी बसवून मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ काढा, वेगाचा आणि आरपीएमचा काटा दोन्ही दिसतील असा. स्वतः चालवताना काढू नका. तारीख, किलोमीटर, गाडी सुरू करून किती मिनिटं झाली होती, कितवा गिअर, हौद्यात माल होता का, एवढं लिहून ठेवा. मेकॅनिकला शेजारी बसवून तुम्हीच चालवा, कारण झटका कसा काढायचा हे तुमच्या पायाला माहीत असतं. जॉब कार्डवर 'जनरल चेकअप' लिहू देऊ नका. तुमचे शब्द, जसेच्या तसे. 'असंच असतं' असं उत्तर आलं, तर तेच मॉडेल, तेच इंजिन असलेली दुसरी गाडी चालवून बघायला मागा. तिच्यातही तसंच असेल तर बोलणं खुंटलं. नसेल तर समोरच्याचं खुंटलं.

माझ्या गाडीत त्या मुलीनं आधीचे आकडे जतन केले, सॉफ्टवेअर नवं घातलं, शिकवण पुसली आणि स्वतः तासभर फिरवून क्लचना पुन्हा शिकवलं. तेल तापू द्यायचं, हलक्या पायानं ताशी ६० पर्यंत न्यायचं, पाय काढून ब्रेक न लावता जवळजवळ थांबेपर्यंत घरंगळू द्यायचं, पुन्हा तेच. पहिल्या दहा-बारा फेऱ्यांत गाडी आधीपेक्षा वाईट वागली, नंतर धक्का विरत गेला. त्यानंतरच्या आठवड्यात शाफ्ट काढून खाचांना ग्रीस लावलं, टुकही गेला. आता रविवारी मुद्दाम चाळीस किलोमीटरची चक्कर मारतो. गार सकाळी पहिल्याच वळणावर दुसरा गिअर अजूनही थोडा कोपर मारतो. त्याची तक्रार मी केलेली नाही.